कमी होण्याचे दिवस

१७ नोव्हेंबर

ही वही डायटिशियन बाईंच्या सांगण्यावरून सुरू केली. जे तोंडात जाईल ते लिहायचं, आणि विडीची तलफ आली तर तेव्हा आपण काय करत होतो तेही लिहायचं. मी मान डोलावली. शाळा सुटल्यापासून खाज्याच्या ऑर्डरींशिवाय मी काही लिहिलेलं नाही, हे त्यांना सांगितलं नाही.

झालं ते असं. मथुराक्का माझी सख्खी, एकुलती एक बहीण, माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. धामापूरला दिलेली. तिच्या दोन्ही किडन्या गेल्या. गेल्या चतुर्थीपासून बाबली भावोजी तिला डायलिसिसला कुडाळला नेतात, आणतात. भावोजींना साखर आहे, त्यांची चालत नाही. मुलगी अनुजा नुकतीच बाळंत झाली आहे. उरलो मी. रक्त जुळलं, बाकीचंही सगळं जुळलं. मग कोल्हापूरच्या डॉक्टरांनी मला काट्यावर उभं केलं आणि माझी बोटं बघितली. बोटांवरचा पिवळा डाग मला आजवर कधी दिसलाच नव्हता.

"तुमची किडनी छान आहे," ते म्हणाले, "पण अशा अवस्थेत मी तुम्हाला टेबलावर घेणार नाही. दहा-बारा किलो उतरवा, धूर पूर्ण बंद करा आणि संक्रांत झाली की या."

मी खाजेवाला. बाबांपासूनचा धंदा. कार्तिक लागला की आमचा मांडव या जत्रेतून त्या जत्रेत. बेसनाच्या कांड्या तळायच्या, गुळाच्या पाकात आलं घालून घोळवायच्या. वर्षातले हेच महिने असे, की उठल्यापासून निजेपर्यंत माझ्या अंगाला गूळ आणि तेल. आणि नेमकं याच महिन्यांत मी कमी व्हायचंय.

येताना आंतोनच्या टेम्पोत गुळाच्या ढेपा भरल्या. तीस वर्षं माझा मांडव तोच वाहतो. घाटात त्याने टेम्पो बाजूला घेतला, दोघांनी खाली उतरून दरीकडे बघत एकेक विडी ओढली. मी म्हटलं ही शेवटची. तो म्हणाला, "बरा."

२० नोव्हेंबर

सकाळी नाचणीची भाकरी, कुळथाची पिठी. दुपारी बांगडा, तळलेला नाही, मसाल्याच्या वाटपात नारळ नाही. नारळाशिवाय बांगड्याचं सार म्हणजे आजारी माणसाचं अंग पुसलेलं पाणी. सारिका, माझी बायको, समोर बसून मी खातो की नाही ते बघत होती. तिने स्वतःलाही तेच वाढून घेतलं होतं. मी म्हटलं, तू कशाला? तर म्हणाली, दोन सार कोण करत बसणार.

तलफ: चहानंतर, जेवणानंतर, पाकाला तार येईपर्यंत थांबताना, आंतोनचा टेम्पो वाजला तेव्हा. म्हणजे दिवसभर.

२५ नोव्हेंबर

झोप नाही, चिडचिड आहे. दुपारी कढईवरच्या पोराला उगाच बोललो. डोकं असं, की कोणी आतून घट्ट दोरी बांधलीय.

पण संध्याकाळी आक्काचा फोन आला आणि एक गंमत झाली. तिलाही आता काही खाता येत नाही. नारळ नको, केळं नको, टोमॅटो नको, बटाटा पाण्यात भिजवून मगच, पाणीसुद्धा मोजून. मी माझं रडगाणं सुरू केलं, तिने तिचं. आणि ती म्हणाली, "जितू, आज खंय जेवुया?"

मला आधी कळलं नाही.

"आईकडे जाऊया," ती म्हणाली. "चतुर्थीचो दुसरो दिवस. काळ्या वाटाण्याचा सांबारा कालचा आसा, मुरलेला. आंबोळ्यो गरम. तू माज्या ताटातली घेव नको."

मग आम्ही जेवलो. फोनवर. तिने आंबोळी मोडली, मी सांबाऱ्यात बुडवली. आईने मला चौथी वाढली आणि आक्काने तक्रार केली. आईचं लुगडं कोणत्या रंगाचं होतं तेही तिने सांगितलं, निळं, काठाला तपकिरी. मी म्हटलं हो, तेच. चुलीच्या बाजूची मांजर, तिच्या अंगावर उडालेली राख. हो, म्हटलं.

फोन ठेवला तेव्हा दिवे लागले होते. पोट रिकामंच होतं, पण घशापर्यंत भरल्यासारखं वाटलं.

४ डिसेंबर

भावोजी स्कूटरवरून आले, हातात स्टीलचा डबा. आक्काने तांदळाच्या शेवयांचे शिरवाळे पाठवले, सोबत नारळाचा गोड रस. तिने तिच्या हातांनी साच्यातून पाडलेले. डायलिसिसच्या दुसऱ्या दिवशी तिला उठवत नाही, हे मला ठाऊक आहे. सारिकाने डबा उघडून बघितला आणि झाकण लावून आत निघून गेली.

बिचारी आक्का. स्वतःला खाता येत नाही, म्हणून मला खाऊ घालून समाधान करून घेते. तिचा जीव पहिल्यापासून खाण्यात. लहानपणी देवापुढचा गूळ ती चाटायची आणि नाव माझं सांगायची. मार दोघांना बसायचा, पण गूळ तिच्या पोटात असायचा.

शिरवाळे खाल्ले. अर्धे म्हणून बसलो होतो. सगळे खाल्ले.

८ डिसेंबर

काटा जिथे होता तिथेच. सारिका म्हणाली, रस गेला कुठे असं वाटलं होतं तुम्हाला?

संध्याकाळी आक्काने वजन विचारलं. हल्ली पहिल्यांदा तेच विचारते. हललं नाही म्हणून सांगितलं तर माझी समजूत घालत बसली. नाही उतरत काही जणांचं, तू मनाला लावून घेऊ नको, आपलं हाडच जाड. मग खूप वेळ बोलली. आज आम्ही देवगडला मामाकडे जेवलो, मांडवाखाली पंगत, आमरस पातेल्यातून. मामाची गोधडी, मामाचं घोरणं, पायरीवर पुसलेले आंब्याचे हात. किती दिवसांनी इतकी मोकळी बोलली.

१४ डिसेंबर

आज पहिली मोठी जत्रा. सकाळपासून मांडव बांधत होतो. बांबू, ताडपत्री, समोर फळी, फळीवर परातीत खाज्याचा डोंगर. समोरच्या शेतात दशावतारी मंडळींचा ट्रक येऊन लागला होता, एक राक्षस रंग न लावता, लुंगीवर, दात घासत उभा होता.

ऊन कलायला आलं तेव्हा पाक आटवायला बसलो. बाबाही असेच बसायचे, पाक तारेला आला की त्यांना जागेवरून हलता यायचं नाही. तेव्हा ते नुसतं "मथुरा" म्हणून हाक मारायचे. आक्का त्यांच्या बंडीच्या खिशातून विडी काढायची, चुलाणाच्या निखाऱ्यावर धरायची, पेटेना म्हणून स्वतःच्या तोंडात धरून एक झुरका घ्यायची आणि मग बाबांच्या ओठांत ठेवायची. बाबांना ते दिसायचं की नाही, कोण जाणे. एकदा मी हट्ट केला, तेव्हा ती मला ताडपत्रीच्या मागे घेऊन गेली आणि माझ्या तोंडात विडी धरली. मी असा खोकलो की डोळ्यांतून पाणी. वास जावा म्हणून तिने घाईघाईने माझ्या तोंडात खाज्याचा तुकडा कोंबला. आल्याचा. त्या दिवसापासून माझ्या तोंडात या दोन चवी शेजारी राहिल्या. एकीमागे दुसरी आलीच.

हे सगळं आठवत बसलो आणि आंतोन टेम्पोमागे ओढत होता तिथे कधी गेलो ते कळलंच नाही. त्याने माझ्याकडे बघितलं. दिली नाही. मीच त्याच्या हातातली घेतली. अर्धी ओढली.

"जितू," आंतोन म्हणाला, "मी उद्यापासून पलीकडे जावन ओढतलंय. तुका दिसाची नाय अशी."

मला लाज वाटली. त्याला माझ्यापेक्षा जास्त वाटत होती.

१५ डिसेंबर

आक्काला सांगून टाकलं. लपवून काय करणार होतो.

"पुरी ओढलंस?" तिने विचारलं.

"अर्धी."

"अर्धी कित्याक? ओढूक लागलंस तर पुरी ओढूची."

आणि हसली. हसता हसता तिला ठसका लागला. सहा महिन्यांत तिचं असं हसू ऐकलं नव्हतं. मला वाटलं होतं ती रागावेल, निदान रडेल. पण नाही. मोठं मन आहे तिचं, स्वतःच्या जिवाशी गाठ असताना माझा धीर सुटू नये म्हणून हसते.

सारिकाला हे सांगितलं. ती चुलीकडे तोंड करून होती. म्हणाली, "हसल्या?" मी म्हटलं हो. तिने चुलीतलं लाकूड आत सारलं.

२३ डिसेंबर

त्यानंतर विडी नाही. कढईवरच्या पोरानेच आज दाखवलं, हाताचा डाग फिकट झालाय म्हणून.

आज सकाळी एक नवल झालं. आलं कुटत होतो, नेहमीचंच, आणि वास असा अंगावर आला की मी हातातला बत्ता खाली ठेवला. किती वर्षं आलं कुटतोय, पण हा वास मला आलाच नव्हता. लहानपणी यायचा. हा वास आला की जत्रा असायची, नवा फ्रॉक घातलेली आक्का असायची आणि शाळा बुडालेली असायची. मग गुळाचा वास आला, मग ताडपत्रीचा, मग समुद्रावरून सुक्या मासळीचा. एक एक करून सगळे परत आले, जणू गावाला गेलेली माणसं.

मी बसल्या जागी थोडा रडलो. पोराला सांगितलं, आलं डोळ्यांत गेलं.

कंबरेचा पट्टा एक भोक आत गेला आहे. खरं तर मजा वाटायला लागलीय. भुकेतही एक हलकेपणा असतो.

आक्काला संध्याकाळी ही बातमी दिली. "बरा," म्हणाली. आज ती दमली होती, आम्ही जेवलोच नाही.

२५ डिसेंबर

आंतोनकडे नाताळला जाऊन आलो. त्याच्या बायकोने, कार्मेलिनाने, इडलीसारखी वाफाळती सान्नं, डुकराच्या मटणाचं सोरपोतेल, नेवऱ्या, केक असं ताट माझ्यापुढे ठेवलं आणि मग आठवण होऊन उचलून घेतलं. एक नेवरी मात्र मागून घेतली. आंतोन अंगणात आंब्याखाली जाऊन ओढून आला, येताना तोंड धुऊन आला.

४ जानेवारी

आज बाबांचं श्राद्ध. भावोजी आक्काकडून केळीचं पान, वडे, खीर घेऊन आले. पिशवीच्या तळाशी विड्यांचं एक बंडल. लाल दोरा बांधलेलं, बाबा ओढायचे तेच, आता ते कुठे मिळतं देव जाणे. भावोजींनी निरोप सांगितला. बाबांच्या फोटोपुढे ठेव म्हणाली, आणि त्यांच्या नावाने एक तू ओढ. सांगताना भावोजी माझ्याकडे न बघता पायातल्या चपलेकडे बघत होते.

मी बंडल फोटोपुढे ठेवलं. सगळे जेवून उठल्यावर तिथे एकटाच बसलो. बाबा फोटोत कधी नव्हे ते शर्ट घालून बसलेत. त्यांच्यासमोर बसून एक विडी ओढावी, यात काय वाईट? इतकी वर्षं आक्काने पेटवून त्यांना दिली, आज मी दिली तर? दोरा सोडलासुद्धा. वासानेच तोंडाला पाणी सुटलं.

तेवढ्यात सारिका आली. माझ्या हातातलं बंडल तिने ओढून घेतलं नाही. नुसती शेजारी बसली. मग म्हणाली, "एक विचारू? त्यांना तुम्ही बारीक व्हायला हवे आहात की नको?"

"कोणाला? आक्काला? काय बोलतेस तू?"

"काही नाही," ती म्हणाली आणि बंडल घेऊन गेली. परसात कचरा जळत होता, त्यात टाकलं असावं.

बायकांचं एकमेकींशी कधी पटत नाही. सारिकाला वाटतं आक्का मला मुद्दाम खायला घालते. तिला कसं कळणार, आम्ही दोघं कशी वाढलो ते.

१५ जानेवारी

कोल्हापूर. काट्यावर उभं राहताना चप्पल काढली, घड्याळ काढलं, खिशातला रुमालही काढला. डॉक्टरांनी काटा बघितला आणि माझ्याशी हात मिळवला. लघवीतसुद्धा तंबाखू सापडते म्हणे, ती सापडली नाही. फेब्रुवारीची तारीख दिली. त्याआधी कागदपत्रं, फोटो आणि अवयवदानाच्या कमिटीसमोर जबाब.

आक्काला फोनवर सांगणार नाही. स्वतः जाऊन सांगणार. तिचा चेहरा बघायचाय.

१७ जानेवारी

लिहू की नको असं झालंय. तरी लिहितो.

सकाळच्या एसटीने धामापूरला गेलो. तळ्यावरून चालत गेलो, वाऱ्याने पाण्यावर सुरकुत्या पडत होत्या. आक्का ओटीवर बसली होती. पाय सुजलेले, चेहरा पिवळट. पण घरभर कोंबडीच्या रश्श्याचा वास. वडे तळून ठेवलेले, सोलकढी, वर तांदळाची खीर. भावोजी म्हणाले, पहाटेपासून उठलीय, ऐकत नाही.

"तारीख गावली," मी म्हटलं.

"हात धुवन ये. वडे थंड होतत."

"आक्का, तारीख गावली. फेब्रुवारीची."

"मी आयकलंय. हात धुवन ये."

मी हात धुतले, पानावर बसलो. म्हटलं, माका ह्या चलाचा नाय, फक्त भात आणि पाणी-रस्सा वाढ. ती वडे वाढत राहिली. एक, दोन, तीन. मी हात पानावर आडवा धरला तेव्हा चौथा माझ्या हातावर पडला. तिने झारा खाली ठेवला.

"दोन महिने मी तुका खावक घालतंय," ती म्हणाली. "विड्यो धाडलंय. तुका इतक्यातसुद्धा कळाक नाय?"

"काय?"

"तू जाडो रवलंस तर डॉक्टर तुका घेवचो नाय. मगे माका 'नको' म्हणूक लागला नसता. माका तुजी किडनी नको, जितू."

भावोजी उठून अंगणात गेले. त्यांना सगळं आधीपासून ठाऊक होतं, हे त्यांच्या पाठीवरून कळलं. मला मात्र आत्ता एक एक डबा आठवायला लागला. वजन हललं नाही की तिचं मोकळं बोलणं, उतरलं की "बरा" म्हणून ठेवलेला फोन. आणि माझं अर्ध्या विडीचं पाप ऐकून तिचं ते हसणं. सारिकाला हे कळलं होतं, पोरालाही कळलं असेल. मला नाही.

राग आला. खूप राग आला. मी इकडे भुकेने तडफडतोय आणि ही तिकडे वडे तळतेय. मी म्हटलं, मरायचंच आहे तर सरळ सांग, नाटक कशाला?

ती रागावली नाही. भिंतीला टेकून बसली, श्वास घेऊन सावकाश बोलली.

"आई गेली, बाबा गेले. त्या घरातला आता तुज्याशिवाय कोणाक काय ठावक नाय. आईचा लुगडा निळा होता म्हणतंय आणि तू 'हो' म्हणतस, म्हणान ता खरा वाटता. नायतर माका वाटता, मी उगाच मनान रचतंय. तू टेबलावर गेलंस आणि थंय काय बरावायट झाला, तर माका 'हो' कोण म्हणतलो? मी वाचान करू काय?"

मी पान पुढे सारलं.

"आणि तू गेलंस तर?" मी म्हटलं. "माका कोण म्हणतलो? तू सहा वर्षांनी मोठी. माका जा आठवता तातला अर्धा तूच सांगलेला. माजा लहानपण तुज्याकडे आसा, आक्का. माज्याकडे कायच नाय."

मी पानावरून उठलो. निघताना ती ओटीवर आली नाही.

एसटीत बसल्यावर तलफ आली. आजवरची सगळ्यात मोठी. कुडाळच्या स्टँडवर उतरून टपरीपर्यंत गेलो, समोर उभा राहिलो. टपरीवाल्याने काय देऊ म्हणून विचारलं. लिंबाची गोळी घेतली.

२० जानेवारी

फोन नाही. तिचा नाही, माझा नाही. संध्याकाळी जेवायला बसलो, तर अर्ध्या भाकरीवरच उठलो.

२१ जानेवारी

जत्रा आहे, पण मांडवात मन नाही. पाक दोनदा जळला. आंतोन म्हणाला, "तिका फोन कर." मी म्हटलं, ती करील. तो म्हणाला, तुमची दोघांची डोकी एकाच शेताची.

२४ जानेवारी

काल सारिका घरी नव्हती. माहेरी जाते म्हणाली होती. आज कळलं, धामापूरला गेली होती. एकटी, एसटीने.

आज आक्काचा फोन आला, माझ्या नाही, सारिकाच्या मोबाईलवर. मी ओसरीवर होतो, मला नुसतं सारिकाचं "हो", "हो" ऐकू आलं. मग ती बाहेर आली आणि म्हणाली, कमिटीसमोर जायला लहानपणीचे फोटो लागतात, त्यांच्याकडे एक आहे, आपल्याकडे किती ते बघा.

"तयार झाली?"

"झाल्या."

मी विचारलं, तू काय सांगितलंस तिला? आधी सांगेना. खूप मागे लागलो तेव्हा म्हणाली, "मी म्हटलंय, घोव माजो आसा. भियाचा आसात तर मी भियतलंय. तुमी घेवा."

नवरा माझा तर भीतीही माझी, एवढं सांगून ती तांदूळ निवडायला बसली. निवडलेले तांदूळ परत सुपात घेऊन ती पुन्हा निवडत होती. पंचवीस वर्षांच्या संसारात तिला एवढं घाबरलेलं मी पाहिलं नव्हतं. किंवा ती रोज घाबरत होती आणि माझं लक्ष फक्त भाकरीकडे होतं.

३० जानेवारी

कमिटीसमोर जबाब झाला. साहेबांनी विचारलं, तुमच्यावर कोणाचा दबाव आहे का? मी म्हटलं, साहेब, दबाव उलटा होता. बहीण घेतच नव्हती, तिला पटवायला आम्हाला आठवडा लागला. ते हसले. आक्का खुर्चीत बसून माझ्याकडे बघत होती, ती हसली नाही. बाहेर आल्यावर म्हणाली, केवढो वाळलंस रे.

आमच्याकडे लहानपणीचा एकच फोटो निघाला. जत्रेतल्या फोटोवाल्याने काढलेला, मागे रंगवलेलं विमान. त्यात मी गुबगुबीत आणि आक्का काडीसारखी. साहेबांनी दोघांकडे आळीपाळीने बघितलं आणि सही केली.

११ फेब्रुवारी

ऑपरेशन होऊन आठवडा झाला. काल घरी आलो. हसलं की टाके ओढतात, खोकलो तर विचारू नका. भूलवाल्या बाईंनी नंतर सांगितलं, तुम्ही ओढत असतात तर हे खोकणं दहापट असतं. आक्का तिकडेच आहे, काचेच्या पलीकडे. निघताना काचेतून बघितली. तिने हात वर केला नाही, नुसतं बघत राहिली. तिचा चेहरा चक्क सावळा झाला आहे, आमच्यासारखा. तो पिवळेपणा गेला.

जड उचलायचं नाही, कढईपुढे बसायचं नाही. कुणकेश्वरच्या जत्रेला सारिका आणि आंतोन जाणार आहेत. आंतोन पाक बघणार म्हणे. मी म्हटलं, तुला काय कळतं पाकातलं? तर म्हणाला, तीस वर्षं वास घेतोय.

१७ फेब्रुवारी

कुणकेश्वरला सगळं खाजं संपलं. आंतोनने दोन घाणे घट्ट केले, दात तुटतील असे, तेही गेले. सारिका दमून झोपली आहे. तिच्या केसांना आल्याचा वास येतोय.

६ मार्च

आक्का घरी आली आहे. कोणाला भेटू देत नाहीत, तोंडावर मास्क, गोळ्यांचा डबा. फोनवर मात्र बोलते. माझं वजन उतरलंय तेवढंच राहिलं आहे, सारिकाने वाटपात अर्धा नारळ परत सुरू केलाय. आता खरंखुरं खाता येतं, म्हणून आम्ही फोनवर फारसे जेवत नाही.

२२ मार्च

आज आक्का माझ्याशी भांडली.

काही कारण नाही. बोलता बोलता ती म्हणाली, आपल्याकडे एक पांढरं बदक होतं, घराच्या मागे फिरायचं, बाबांनी हौसेने आणलेलं. मी म्हटलं, आपल्याकडे बदक कधीच नव्हतं, ते शेजारच्या सावित्रीकाकीचं. ती म्हणाली, तू तेव्हा चार वर्षांचो, तुका काय आठवतलां? मी म्हटलं, मला ते चावलं होतं, कुल्ल्यावर, मला आठवणार नाही तर कोणाला? ती म्हणाली, चावलेला आपलाच. मी म्हटलं, आपलं चावलं असतं तर आईने कापलं असतं. तिचा आवाज चढला. दोन-अडीच महिन्यांपूर्वी तिला चार वाक्यं सलग बोलता येत नव्हती, आज ती श्वास न घेता मला अडाणी, हेकट, बापासारखा म्हणाली. मीही ऐकून घेतलं नाही. शेवटी तिने खाडकन फोन ठेवला.

सारिका आतून विचारत होती, काय झालं, कोणावर ओरडताय? आक्का भांडली, म्हटलं. ती दारात येऊन उभी राहिली, माझ्या तोंडाकडे बघत. मग आत जाऊन मला ऐकू येईल एवढ्या मोठ्याने हसली.

ओसरीवर बसून राहिलो. एवढं भांडण झालं, पण विडीची आठवण मला वहीत लिहायला बसलो तेव्हा आली.

मी फोन करणार नाही. उद्या तीच करेल, तेव्हा उचलायला मुद्दाम वेळ लावीन. बदक सावित्रीकाकीचंच होतं.